टाईट एंड म्हणून गेला, टॅकल होऊन बसला

लेकाच्या कॉलेज फुटबॉलच्या रिक्रूटिंगबद्दल इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. इथे आपली मंडळी भरपूर, पोरं स्पेलिंग बीला बसतात, टेनिस खेळतात, रोबोटिक्सला जातात, पण हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायच्या ह्या फुटबॉलमध्ये पोरगं घालणारे फार कमी, त्यामुळे आम्हाला विचारायला कुणीच नव्हतं. नवरा डोंबिवलीचा, जीव क्रिकेटमध्ये. त्याला पहिली दोन वर्षं हेच कळत नव्हतं की बॉल ज्याच्याकडे नाही तो पोरगा धावतोय कशाला.

टेक्सासात हायस्कूल फुटबॉल म्हणजे काय प्रकार आहे हे न बघणाऱ्याला सांगून पटत नाही. आमच्या जवळच्या ॲलन गावात हायस्कूलच्या टीमसाठी २०१२ मध्ये ६ कोटी डॉलरचं, १८ हजार माणसांचं स्टेडियम बांधलं. हायस्कूलच्या! आणि दोन वर्षांत त्याच्या काँक्रीटला तडे गेले म्हणून २०१४ चा अख्खा सीझन बंद ठेवावं लागलं, तो भाग वेगळा. तर अशा वातावरणात आठवीत एका कोचने ह्याला कॉरिडॉरमध्ये बघितलं आणि घरी फोन आला. उंची माझ्या माहेरची. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, कोल्हापूरला गंगावेस तालमीत वाढलेले, ऐंशीच्या वर वय झालं तरी अजून दारातून आत येताना आडवे वाटतात.

अकरावीत पोरगा सहा फूट चार इंच आणि २३५ पौंड, म्हणजे १०६-७ किलो. पोझिशन टाईट एंड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टाईट एंड म्हणजे लाईनीच्या टोकाला उभा राहणारा गडी, तो निम्म्या वेळेला समोरच्याला अडवतो आणि निम्म्या वेळेला पळत जाऊन बॉल झेलतो. ह्याला अर्थातच झेलणं प्रिय. डिफेन्समध्येही खेळायचा अधूनमधून, डिफेन्सिव्ह एंड म्हणून, म्हणजे टोकाकडून समोरच्यांच्या बॉल फेकणाऱ्यावर धावून जाणारा, पण स्वतःला तो टाईट एंडच समजायचा आणि खोलीत ट्रॅव्हिस केल्सी ह्या नामांकित टाईट एंडचं पोस्टर. गंमत म्हणजे हा केल्सी स्वतः सिनसिनाटी कॉलेजात क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) म्हणून आला होता, आणि त्याचा मोठा भाऊ जेसन तिथेच स्कॉलरशिपशिवाय रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) म्हणून आला, मग डिफेन्समध्ये लाईनबॅकर, मग ऑफेन्सिव्ह लाईनवर, म्हणजे क्वार्टरबॅकसमोर भिंत करणाऱ्या पाच जणांत गेला आणि तिथेच मोठा झाला. म्हणजे एकाच घरातल्या दोघांनाही ज्या पोझिशनला यायचं होतं ती पोझिशन मिळाली नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर पोस्टरकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं असतं.

तेव्हा नियम असा होता की अकरावीच्या वर्षात १ सप्टेंबरपासून कॉलेजचे कोच पोराला थेट मेल-मेसेज करू शकायचे. त्याआधी हायस्कूलच्या कोचमार्फत निरोप. आमच्याकडे १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री बारा वाजून गेल्यावर फोन वाजायला लागला तो वाजतच राहिला, मला वाटलं झालं, पोरगं निघालं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर निम्मे मेसेज सरसकट सगळ्यांना जाणारे, आमच्या कॅम्पला या, फी इतकी. कॅम्प हा ह्या लोकांचा साईड बिझनेस आहे असं माझं मत झालंय. पण जावं लागतं, कारण तिथे ते उंची स्वतः मोजतात (हायस्कूलच्या कागदावरच्या उंचीवर कुणीच विश्वास ठेवत नाही), पंजा मोजतात, हाताची लांबी मोजतात, ४० यार्ड पळवतात.

आणि "ऑफर" हा शब्द ऐकून उड्या मारू नका. वर्षाला साधारण पंचवीस पोरं घेणारी टीम दोनशेच्या वर पोरांना ऑफर देते. त्यातल्या बऱ्याच ऑफर अशा की पोराने "हो, मी येतो" म्हटलं की तिकडून "थांब जरा, आधी अजून एकदा कॅम्पला ये" असं उत्तर येतं. खरी ऑफर कुठली हे ओळखायची एकच युक्ती आम्हाला हायस्कूलच्या कोचने सांगितली, सरळ विचारायचं की आज हो म्हणालो तर आज घ्याल का. उत्तरात "पण" आलं की समजायचं.

पैशाचं गणितही तेव्हा कळलं. सगळ्यात वरची जी पातळी, एफबीएस, तिथे तेव्हा टीमला ८५ स्कॉलरशिप आणि त्या सगळ्या पूर्ण, ट्यूशन राहणं जेवण पुस्तकं सगळं. त्याखालच्या एफसीएसमध्ये ६३, पण त्या तोडून वाटता येतात, म्हणजे एखाद्याला अर्धी, एखाद्याला पाव. डिव्हिजन टूमध्ये ३६, त्याही तोडून. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नाहीच. (आता २०२५ पासून कोर्टातल्या सेटलमेंटमुळे हे बदललं, जी कॉलेजं त्यात आहेत तिथे स्कॉलरशिपचा आकडा गेला आणि एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा आली, त्यामुळे धाकटी पोरं असणाऱ्यांनी जुन्या आकड्यांवर जाऊ नका.)

मे महिन्यात कॉलेजचे कोच शाळेत येऊन प्रॅक्टिस बघतात. तेव्हा एका मोठ्या, नेहमी जिंकणाऱ्या कॉलेजचा लाईन कोच आला आणि नंतर आम्हाला भेटला. हा गृहस्थ पोराशी बोलताना माझ्या नवऱ्याकडे बघत होता. मग माझ्याकडे. मग परत नवऱ्याकडे. नवरा पाच फूट सात इंच. थेट स्थळ बघायला आल्यासारखं सगळं, घराण्यात उंची कुणाची, मामा किती उंच, आजोबा किती, पोराची वाढ अजून चालू आहे का, बुटाचा नंबर वाढतोय का. मी फोनवर अण्णांचा जुना फोटो काढून दाखवला, तालमीतला, लंगोटातला, मातीने माखलेला. कोच फोटोकडे बघतच बसला आणि म्हणाला की ह्या मांड्यांवर तीनशे पौंड सहज बसतील. माझ्या वडिलांच्या मांड्यांबद्दल परका माणूस माझ्यासमोर बोलतोय आणि मी "थँक यू" म्हणतेय, असला तो प्रसंग.

त्याचं म्हणणं स्पष्ट होतं. पोरगं टाईट एंड नाही, टॅकल आहे. टॅकल म्हणजे ऑफेन्सिव्ह लाईनच्या पाच जणांतला टोकाचा, क्वार्टरबॅकला वाचवणारा. पळायचं नाही, झेलायचं नाही, बॉलला हात लावायचा नाही, समोरून अंगावर येणाऱ्याला थोपवायचं. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असेल तर त्याची पाठ डाव्या बाजूला होते, ती बाजू लेफ्ट टॅकल सांभाळतो, म्हणून त्याला भाव. कोच म्हणाला आम्ही तुला स्कॉलरशिप नाही देणार, प्रेफर्ड वॉक-ऑन म्हणून ये, म्हणजे टीममध्ये जागा नक्की पण पैसे तुमचे, दोन वर्षं खा, वजन उचल, मग बघू. आणि लेन जॉन्सनचं उदाहरण दिलं. हा टेक्सासच्याच ग्रोव्हटन नावाच्या छोट्या गावचा, ज्युनियर कॉलेजात क्वार्टरबॅक होता, ओक्लाहोमाला गेल्यावर टाईट एंड, मग डिफेन्सिव्ह एंड, मग टॅकल, आणि २०१३ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रो लीगच्या टीम कॉलेजची पोरं निवडतात त्यात, चौथ्या नंबरला निवडला गेला. तसाच जेसन पीटर्स, आर्कान्सॉला टाईट एंड होता, ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही, टॅकल झाला आणि पुढची कितीतरी वर्षं खेळत राहिला. कोच लोकांना ही नावं तोंडपाठ असतात. टॅकल होऊनही कुठेच न पोचलेल्यांची नावं मात्र कुणी सांगत नाही.

पोरगं गाडीत बसेपर्यंत गप्प आणि बसल्यावर म्हणालं, "आई, मला झेलायचंय."

मग एका एफसीएस कॉलेजने सांगितलं हा डिफेन्सिव्ह एंड आहे, आणि स्कॉलरशिपमधला काही भाग देऊ. आणि तिसरं एक कॉलेज, एफबीएसमधलंच पण छोट्या कॉन्फरन्सचं (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट), नाव लिहीत नाही, त्यांनी सांगितलं हा टाईट एंड आहे, पूर्ण स्कॉलरशिप, आणि लवकर खेळायला मिळेल. म्हणजे एकच पोरगं, एकच फिल्म (मॅचचा व्हिडिओ), तीन कॉलेजं आणि तीन पोझिशन. सुरुवातीला मला वाटायचं कोणीतरी एक बरोबर असेल, बाकीचे चुकत असतील. तसं नसतंय. प्रत्येकजण आपल्या टीममध्ये भोक कुठंय ते बघतो आणि त्या भोकात हे पोरगं बसेल का ते बघतो. पोराचं "खरं" टॅलेंट वगैरे सगळं त्याच्या नंतर. वेबसाईटवर ज्या पोरांपुढे पोझिशनच्या जागी नुसतं "ॲथलीट" लिहिलेलं असतं त्यांचंही तेच, जिथे गरज तिथे लावू.

हे तिसरं कॉलेज हरणारं होतं. आदल्या सीझनला चार मॅच जिंकलेले, त्याआधीच्या वर्षी त्याहून कमी. आम्ही जूनमध्ये ऑफिशियल व्हिजिटला गेलो, ती तेव्हा ४८ तासांची असायची, खर्च त्यांचा, स्टेक, जर्सी घालून फोटो, स्मोक मशीन. हेड कोच माणूस म्हणून चांगला वाटला, अजूनही चांगलाच म्हणेन. नवऱ्याने एक्सेल करून नेली होती (सवय). टाईट एंडच्या गटात कोण कोण, कुठल्या वर्षाला, किती जण शेवटच्या वर्षात, ह्याच वर्षी अजून किती टाईट एंड घेताय. दोघे जाणार होते, एक राहणार होता. हिशोब सरळ. आणि तिथला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे ऑफेन्सचे डाव ठरवणारा कोच, बहुतेक वेळा दोन टाईट एंड लावायचा, त्यांच्या भाषेत "बारा", पहिला आकडा रनिंग बॅकचा, दुसरा टाईट एंडचा. "अकरा" म्हणजे एक टाईट एंड. "दहा" म्हणजे टाईट एंड शून्य, त्या जागी अजून एक रिसीव्हर, म्हणजे फक्त पळून झेलणारा. बारावाला कोऑर्डिनेटर म्हणजे आमच्यासाठी सोनंच.

एक्सेलमध्ये एक कॉलम नव्हता तो म्हणजे हेड कोचच्या काँट्रॅक्टची किती वर्षं उरली. ही माहिती लपलेली नसते, सरकारी कॉलेजच्या कोचचा पगार आणि काँट्रॅक्ट पेपरात छापून येतं. हरणाऱ्या टीमचं दुखणं इथूनच चालू होतं. वर्षं कमी उरली की बाकीची कॉलेजं पोरांच्या कानात सांगतात की तो कोच तुझ्या दुसऱ्या वर्षापर्यंत टिकत नाही बघ. मग चांगली पोरं येत नाहीत, मग अजून हरतात, मग कोच खरंच जातो.

पैसे, पोझिशन, घरापासून गाडीने जाण्याइतकं अंतर, तिन्ही जुळलं आणि डिसेंबर २०२२ च्या अर्ली सायनिंगला सही केली. तो कागद मी दोनदा वाचला, फार्मसीत काम करते, बारीक अक्षर वाचायची सवय. ट्यूशन आहे, रूम आहे, बोर्ड आहे, पुस्तकं आहेत. पोझिशन कुठेच नाही. आणि ही सही कॉलेजशी आहे, कोचशी नाही, हेही त्यात स्वच्छ लिहिलेलं. नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला, ऑफर लेटरमध्ये तरी कुठे लिहिलेलं असतं की मॅनेजर बदलणार नाही.

२०२३ चा सीझन. ह्याला रेडशर्ट करायचं ठरलं, म्हणजे तेव्हाच्या नियमाने पहिल्या वर्षी चारपर्यंत मॅच खेळला तरी वर्ष मोजत नसत, पाच वर्षांत चार सीझन खेळायला मिळायचे. त्यामुळे हा बहुतेक वेळ साईडलाईनला, आणि मी स्टँडमध्ये बसून टीम कशी बुडते ते निवांत बघितलं. लोक क्वार्टरबॅकला शिव्या घालत होते. त्याची आई माझ्या पुढच्या ओळीत बसायची, मागून लोक तिच्या पोराच्या नावाने ओरडायचे आणि ती मान न हलवता समोर बघायची. एकदा मी तिला पाण्याची बाटली दिली, तिने घेतली, उघडली नाही, पूर्ण क्वार्टर हातात धरून बसली.

पण तो क्वार्टरबॅक बिचारा करणार काय, त्याला बॉल फेकायला वेळच मिळत नव्हता. ऑफेन्सिव्ह लाईन ही गोष्ट एका वर्षात तयार होत नाही, हायस्कूलमधून आलेला पोरगा २६० पौंडाचा असतो, त्याला ३०० करायला आणि ते ३०० पाय हलते ठेवून वागवायला शिकवायला दोन-तीन वर्षं जातात. ह्यांचे तीन लाईनमन एकदम पास आउट झाले, मधल्या बॅचमधले दोघे ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलायचंय त्या खेळाडूंची यादी) निघून गेलेले, म्हणजे मागे तयार माल नाही. पोर्टल २०१८ मध्ये चालू झालं आणि २०२१ पासून एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसायची अट गेली, त्याच वर्षी पोरांना जाहिरातीचे वगैरे पैसे घ्यायची परवानगी मिळाली, तेव्हापासून छोट्या कॉलेजने तयार केलेला चांगला लाईनमन मोठं कॉलेज उचलून नेतं. लाईन कच्ची म्हणून क्वार्टरबॅक पडतो, तो पडला की तिसऱ्या डाऊनला (दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न असतात, एक प्रयत्न म्हणजे एक डाऊन) पंधरा यार्ड लागतात, ते जमत नाहीत, बॉल समोरच्यांना, आपला डिफेन्स परत मैदानात. चौथ्या क्वार्टरपर्यंत डिफेन्सची पोरं कंबरेवर हात ठेवून उभी. आणि पेपरात छापून येतं की डिफेन्सने शेवटी मॅच घालवली.

वर सीझनच्या सुरुवातीला एक मॅच पैशासाठी. मोठं कॉलेज छोट्याला आपल्या ऐंशी-नव्वद हजारांच्या स्टेडियममध्ये बोलवतं, दहा लाख डॉलरच्या वर देतं आणि धुऊन काढतं. छोट्या कॉलेजच्या बाकी खेळांचा खर्च त्यातून निघतो हे खरं, पण त्या एका मॅचमध्ये आमचा सेंटर, म्हणजे लाईनीच्या मधला गडी, गुडघा घेऊन बसला तो परत आलाच नाही. एका सेंटरच्या गुडघ्याची किंमत त्या चेकमधून वजा करायला पाहिजे असं मला वाटतं.

नोव्हेंबरमध्ये शेवटच्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी कोचला काढलं. पोरांना टीमच्या ॲपवर मेसेज, दोन वाजता मीटिंग. हेड कोच गेला की सोबतचे सगळे असिस्टंट लटकतात, ज्या टाईट एंड कोचने आमच्या घरी येऊन बटाटेवडा खाल्ला होता तो महिनाभरात दुसऱ्या राज्यात. हेड कोच गेला की पोरांना तेव्हा पोर्टलमध्ये जायला ३० दिवस मिळायचे. त्या तीस दिवसांत आमच्याकडे रोज रात्री तीच चर्चा. पोर्टलमध्ये जाणं सोपं, नाव टाकलं की झालं, पण एकदा नाव टाकलं की जुनं कॉलेज स्कॉलरशिप पुढच्या टर्मपासून थांबवू शकतं, आणि मैदानात जेमतेम दिसलेल्या टाईट एंडला कोण विचारतंय. नाव टाकून कुठेच जागा न मिळालेली पोरं पुष्कळ असतात, त्यांची बातमी होत नाही. कोलोराडोला २०२२ मध्ये १ विजय आणि ११ पराभव झाल्यावर डिऑन सँडर्स हा एनएफएल गाजवलेला माणूस कोच म्हणून आला, त्याने जुन्या पोरांना सरळ पोर्टलचा रस्ता दाखवला, बाहेरून आणलेल्यांनी टीम भरली, २०२४ ला ९ मॅच जिंकले. सगळे त्या नऊचं कौतुक करतात. मी आई असल्यामुळे असेल, मला रस्ता दाखवलेल्यांचं काय झालं तेच डोक्यात येतं.

नवीन हेड कोच आला आणि त्याचा कोऑर्डिनेटर "दहा"वाला. चार रिसीव्हर, सतत पास, टाईट एंड जवळजवळ नाहीच. म्हणजे नवऱ्याची एक्सेल एका दिवसात रद्दी. जानेवारीत ह्याला ऑफिसमध्ये बोलवून गोडीत सांगितलं की तुझी स्कॉलरशिप आहे तशी आहे, काळजी करू नकोस, पण टाईट एंड म्हणून राहिलास तर मैदान दिसणार नाही, आमचा लेफ्ट टॅकल पोर्टलमध्ये गेलाय, तू टॅकल हो. म्हणजे त्या मोठ्या कॉलेजचा कोच मे महिन्यात जे बोलला होता तेच, फक्त ह्यावेळी कारण मांड्या नव्हत्या, टीममध्ये माणूस नव्हता.

तो रडला नाही वगैरे, पण नंबरवर अडला. फुटबॉलमध्ये ५० ते ७९ नंबरवाले लाईनमन, त्यांना पुढे फेकलेला पास झेलायची परवानगीच नाही. ह्याचा ८७ होता, आता सत्तरातला घ्यायचा. रात्री फोनवर म्हणाला की पोझिशन बदलली ते ठीक आहे गं, पण नंबर बदलला म्हणजे मी झेलला तरी तो फाऊल. काय बोलणार मी.

बोलले अण्णा. ह्याच्या स्प्रिंग प्रॅक्टिसची फिल्म मी त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायची, उगाच नातवाचं कौतुक म्हणून. आतापर्यंत टाईट एंडच्या फिल्मवर त्यांचा एकच शेरा, "पळतोय झ्याक." टॅकलची पहिली फिल्म बघून मात्र सकाळी सकाळी फोन. "अगं ह्यो लई उभा ऱ्हातोय. कंबर खाली घे म्हणावं. आन हात भाईर कशाला टाकतोय, आत घाल म्हणावं, छातीवर, कोपर आवळून." मी स्पीकरवर लावलं, पोरगा तिकडून ऐकतोय, आणि म्हणाला आजोबा, हेच सकाळी कोचने सांगितलं. कारण हात बाहेरून खांद्याला गेला की रेफरी होल्डिंग देतो, दहा यार्ड मागे. आणि जो खाली असतो तो जिंकतो, उभा राहिला तो ढकलला जातो. अण्णांना नियम एकही माहीत नाही, डाऊन म्हणजे काय कळत नाही, बॉल कुठंय ते बघतही नाहीत, पण खडाखडी ओळखू येते. समोरचा हात कुठून टाकणार हे त्याच्या खांद्यावरून आधी कळतं, हातावर बघू नको, हे त्यांनी सांगितलेलं ह्याने लाईन कोचला सांगितलं तर कोचने विचारलं तुझा आजोबा कुठल्या कॉलेजात कोच होता. तेव्हापासून दर रविवारी दोघांचा व्हिडिओ कॉल, पोरगा फिल्म थांबवून थांबवून दाखवतो, अण्णा पलंगावर बसून स्वतःच्या हातांनी हवेत दाखवतात, माझी आई मागून ओरडते की बीपीची गोळी घ्या आधी.

वजनाचं सांगते, कारण सगळ्या बायका हेच विचारतात. २४२ पौंडावरून २८८ वर न्यायचं होतं, म्हणजे ११० किलोवरून १३०, आणि ते चरबीने नाही. दिवसाला पाच हजार कॅलरी. ऐकायला मजा वाटते पण पोट भरलेलं असताना, झोप येत असताना, रात्री साडेदहाला परत चार अंडी आणि ओट्स खायचे, ही शिक्षा आहे. अण्णांचा सल्ला खुराक, बदाम, खसखस, दूध, तूप, थंडाई वाटून. मी डिंकाचे लाडू केले भरपूर आणि डबा पाठवला. तिथल्या न्यूट्रिशनिस्टचा मेल आला की ह्याचं लेबल आहे का, प्रोटीन किती, घटक कुठले. डिंकाच्या लाडवाला कसलं लेबल! बसून लिहून काढलं सगळं, सुकं खोबरं, खारीक, डिंक, तूप, गूळ. खसखस मुद्दाम घातली नव्हती, कारण ड्रग टेस्टमध्ये खसखशीमुळे अफूवर्गातलं काहीतरी दिसू शकतं, २०२३ मध्ये अमेरिकन सैन्यानेही आपल्या लोकांना खसखस खाऊ नका असं कळवलं होतं. फार्मसीतली नोकरी कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले खसखशीशिवाय कसला खुराक, आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

खेळायला मिळालं २०२४ च्या मध्यावर, पुढचा पोरगा जखमी झाला म्हणून. पहिल्याच मॅचला समोरच्या एंडने ह्याला तीनदा गोल फिरवला आणि क्वार्टरबॅकला पाडलं. मागून लोक आता माझ्या पोराच्या नंबराने ओरडत होते. नाव माहीत नसतं कुणाला, टॅकलचं नाव कुणाला माहीत नसतं, नंबर ओरडतात. क्वार्टरबॅक तोपर्यंत नवीन आलेला, जुना पोर्टलमधून गेला, त्याची आई अधूनमधून मेसेज करते. सुधारला हळूहळू. टीम अजूनही जिंकते कमी हरते जास्त, पण तिसऱ्या डाऊनला पंधरा यार्ड लागायचे ते आता पाच-सहा लागतात. हा फरक मला दिसतो, स्कोअरबोर्डवर अजून दिसत नाही.

आता कुणी विचारलं तर मी पोझिशनबद्दल एवढंच सांगते. हरणाऱ्या टीमकडे जायला हरकत नाही, पूर्ण स्कॉलरशिप ही लहान गोष्ट नाही, आमच्या घरी तर अजिबात नव्हती, परत निवडायचं झालं तरी मी तेच कॉलेज निवडेन. पण हरणाऱ्या टीमने दिलेला पोझिशनचा शब्द सगळ्यात कच्चा असतो, कारण शब्द देणारा माणूसच तिथे राहणार नसतो. जिंकणाऱ्या टीमचा कोच तोंडावर नको ते सांगतो, कारण त्याला पुढच्या वर्षीही तिथेच बसायचं असतं. आणि पोराचं शरीर कुठे चाललंय हे घरच्यांना आधी कळतं. मामा-आजोबांचे फोटो काढून बघा, कोच तेच करतात. डिफेन्सिव्ह एंड, टाईट एंड, टॅकल ही सख्खी भावंडं आहेत, जेजे वॉट सेंट्रल मिशिगनला टाईट एंड होता, विस्कॉन्सिनला जाऊन डिफेन्सिव्ह एंड झाला, त्यामुळे एकाच नावावर पोराने जीव लावून बसू नये. आणि सोळा कोर कोर्सेस (इंग्रजी, गणित, विज्ञान असे मुख्य विषय, गणित बीजगणितापासून पुढचं) आणि त्यांत २.३ जीपीए हे एनसीएएचं, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या संघटनेचं, डिव्हिजन वनचं किमान आहे, त्यातले दहा कोर्स शेवटच्या वर्षाआधी झालेले लागतात, हे कुठलाच कोच व्हिजिटला सांगत नाही, काऊन्सेलरला नववीतच विचारा. इंजिनिअरिंग करायचं असेल तर दुपारच्या लॅब आणि प्रॅक्टिसची वेळ एक येते का तेही विचारा. आमच्याने मेकॅनिकलवरून कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट घेतलं ते ह्याच भानगडीत, नवऱ्याला पोझिशन बदलल्यापेक्षा ह्याचा जास्त त्रास झाला.

परवा व्हिजिटला आलेल्या एका पोराचा होस्ट म्हणून ह्याला लावलं होतं, जुनी पोरं नवीन पोरांना फिरवतात, खायला नेतात. पोरगं हायस्कूलचं, सहा फूट चार, टाईट एंड. स्टाफने आधी ह्याला बजावलेलं की टीमचं वातावरण किती छान आहे ते सांग. त्या पोराच्या आईने जेवताना ह्याला विचारलं की इथे टाईट एंडला संधी आहे ना. ह्याने सांगितलं, वातावरण छान आहे, जेवण चांगलं आहे, आणि कोचला विचारा गेल्या सीझनला किती प्लेमध्ये मैदानावर टाईट एंड होता. ते पोरगं दुसऱ्या कॉलेजात गेलं. ह्याला परत होस्ट म्हणून लावलेलं नाही.